गोजू-र्‍यू कराटे: सानचिनमध्ये उभं कसं राहावं

जपानच्या ओकिनावा बेटावरील नाहा शहरातल्या मियागी चोजुन (१८८८–१९५३) यांच्या गोजू-र्‍यूचा पाया म्हणजे सानचिन काता (ठरलेल्या हालचालींचा क्रम). पावलं खांद्याइतकी रुंद. उजवी टाच डाव्या पायाच्या बोटांच्या रेषेत, चवडा किंचित आत वळलेला. गुडघे थोडे वाकवा, माकडहाड खाली-आत घ्या. कोपरं बरगड्यांपासून मूठभर अंतरावर. पाऊल जमिनीलगत, आतून अर्धचंद्राकार सरकवा. मुंबईच्या पावसाळ्यात घरातली लादी दमट असते, पाय घसरतो. आधी ती कोरडी पुसाच.

श्वास नाकाने पोटात, सोडायचा तोंडाने. इथेच बहुतेकांचं चुकतं: खांदे चढतात, घसा आवळतो, चेहरा लाल होतो. ताण पोटात हवा, गळ्यात अजिबात नको. रक्तदाबाचा त्रास असेल तर जोर न लावता सैल श्वासानेच करा.