चेकाळणाऱ्या कुत्र्याला आधी ब्रेक शिकवा

बेल्जियन मॅलिनॉइस, बॉर्डर कॉली किंवा वर्किंग लाइनचा, म्हणजे कामासाठी पैदास केलेल्या वंशातला, जर्मन शेफर्ड घरात आला की जो तो एकच सल्ला देतो: पळवा, दमवा. या कुत्र्यांच्या बाबतीत नुसता हा सल्ला पाळला तर तो अंगाशी येतो. दिवसभर काम करता यावं म्हणून पिढ्यानपिढ्या निवडलेल्या कुत्र्याला रोज दहा किलोमीटर पळवलं, तर दोन-तीन महिन्यांत दहा किलोमीटरनेही न दमणारा कुत्रा तयार होतो. घरात आल्यावर त्याच्या येरझाऱ्या चालूच राहतात. व्यायाम हवाच, पण त्याच्या आधी, अगदी पहिल्या आठवड्यापासून, थांबायला आणि निवांत व्हायला शिकवायला हवं.

सुरुवात झोपेपासून करा. मोठ्या कुत्र्याला दिवसाचे बारा ते चौदा तास झोप आणि विश्रांती लागते, पिल्लाला अठरा-वीस तास. या जातींची पिल्लं झोप आली तरी आपणहून आडवी होत नाहीत. उलट जास्त चावरी होतात, पँट धरून लोंबकळतात. तेव्हा खेळणं दाखवून उपयोग नाही. साधारण तासभर जागं ठेवा, मग क्रेटमध्ये, म्हणजे झोपायच्या पिंजऱ्यात, किंवा जाळीमागे अंधाऱ्या, शांत जागी दीड-दोन तास झोपवा. 'हे पिल्लू फार चावतं' ही तक्रार बऱ्याचदा एवढ्यानेच निम्मी होते.

आता चटई. एक जाडसर चटई ठरवा, ती फक्त याच कामाला. कुत्र्याला पट्टा लावा आणि पट्ट्यावर पाय ठेवून खुर्चीत बसा. पट्टा इतकाच मोकळा ठेवा की त्याला उभं राहता आणि झोपता येईल, चालता येणार नाही. 'बस', 'झोप' काहीही म्हणू नका. तो आपोआप आडवा झाला की खाऊचा एक दाणा त्याच्या पुढच्या पायांमध्ये हळूच ठेवा. हाताने तोंडात भरवू नका, नाहीतर तो तुमच्या हाताकडे टक लावून बसेल.

आडवा झाला म्हणजे निवांत झाला असं नाही, आणि चुकतं ते इथेच. मागचे दोन्ही पाय पोटाखाली दुमडलेले, मान ताठ, कान तुमच्याकडे, अशा अवस्थेत तो झेप घेण्याच्या तयारीत असतो. निवांत कुत्र्याचं कंबरेखालचं अंग एका बाजूला कलंडतं, मग नाकातून लांब श्वास सुटतो, शेवटी हनुवटी जमिनीला टेकते. दाणा द्यायचा तो या तीन गोष्टींवर. पहिल्या दिवशी पाच मिनिटं पुरे. दोन-तीन आठवड्यांत अर्ध्या तासापर्यंत न्या आणि मगच चटई दाराजवळ, अंगणात, बाकावर बसाल तिथे हलवत न्या. इथे 'शाब्बास!' मोठ्याने म्हणू नका. त्या आवाजाने तो ताडकन उठतो.

ओढाओढीचा खेळ कुत्र्याला आक्रमक करतो, हा समज सोडून द्या. हलत्या वस्तूमागे धावायची, ती धरून ठेवायची ऊर्मी, म्हणजे ज्याला सगळे ड्राइव्ह म्हणतात ती, उपजतच असते. ओढाओढीत ती तुमच्या नियमांनी वापरता येते आणि 'सोड' हा शब्द शिकवायला यापेक्षा चांगली जागा नाही. खेळणं तीस-चाळीस सेंटिमीटर लांब असावं, म्हणजे दात आणि बोटं यांच्यात अंतर राहतं. ज्यूटचं किंवा जाड कापडाचं चालेल. जमिनीलगत, आडवं फिरवा. वर उचलून झटके दिले की मानेच्या मणक्यांवर ताण येतो. चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान दात बदलत असताना मऊ कापड वापरा आणि स्वतः अजिबात ओढू नका. ओढायचं ते पिल्लू ओढेल.

'सोड' शिकवताना दहा-पंधरा सेकंद खेळून खेळणं दोन्ही हातांनी मांडीला घट्ट टेकवा. हात पूर्ण स्थिर. कुत्रा ओढेल, गुरगुरेल, पकड बदलेल. गप्प राहा. खेळण्यातला जीव गेला की ते धरण्यात मजा उरत नाही, आणि काही वेळात जबडा सैल पडतो. तोंड उघडलं त्याच क्षणी 'येस' म्हणा, म्हणजे 'हेच बरोबर' ही खूण द्या, आणि लगेच पुन्हा धरू द्या. सोडल्याचं बक्षीस म्हणजे पुन्हा खेळ. पाच-सहा वेळा असं झालं की शब्द जोडा: आधी 'सोड', मग अर्धा सेकंद थांबून हात स्थिर. शब्द आणि हात एकदम आले तर कुत्रा हाताची हालचाल वाचतो, शब्द त्याच्या कानावरून जातो.

सोडत नसेल तर आधी स्वतःचा हात तपासा. मनगट किंचित जरी हलत असलं तरी कुत्र्याला शिकार जिवंत वाटते. दुसरं कारण म्हणजे सोडल्यावर दर वेळी खेळ संपतो. मग तो शहाणा कुत्रा सोडेल कशाला? खेळणं घेऊन पळेल. दहातल्या आठ-नऊ वेळा परत द्या. जबड्यात बोटं घालून तोंड उघडू नका. पकड आणखी घट्ट होते आणि चावा हाताला बसतो. अगदीच अडलं तर हुबेहूब तसंच दुसरं खेळणं जमिनीवर जिवंत करा.

'सोड' पक्कं झालं की दोन्ही धडे एकत्र आणा: वीस सेकंद ओढाओढी, 'सोड', चटईवर एक मिनिट, पुन्हा खेळ. वेग वाढवणं आणि उतरवणं हाच सराव. एकूण पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, आणि त्याला अजून हवं असतानाच थांबा. कुत्रा किती चढला आहे हे मोजायची सोपी खूण म्हणजे खाऊ घेण्याची पद्धत. एरवी ओठांनी दाणा उचलणारा कुत्रा बोटांसकट घेऊ लागला, तर तो चेकाळला आहे. खाऊकडे बघतही नसेल, तर त्या क्षणी त्याला काही शिकवता येणार नाही. अंतर वाढवा किंवा थांबा.

चेंडूफेकीबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: पन्नास वेळा चेंडू फेकणं हे प्रशिक्षण नाही. प्रत्येक फेकीला कुत्रा जास्त तापतो, अचानक वळण्या-थांबण्याने सांध्यांवर मार बसतो आणि काही कुत्र्यांना चेंडूशिवाय दुसरं काही सुचेनासं होतं. पाच-सहा फेकी, त्याही प्रत्येक वेळी परवानगी मिळेपर्यंत बसवून. त्यानंतर चेंडू गवतात लपवा आणि नाकाने शोधायला लावा. नाकाच्या कामाने कुत्रा चढत नाही, निवतो. चेंडू घशात अडकणार नाही इतका मोठा, शक्यतो दोरीवाला घ्या. उन्हाळ्यात जीभ रुंद होऊन टोकाला चमच्यासारखी वळली की तत्क्षणी खेळ बंद, सावली आणि पाणी. ही कुत्री स्वतःहून थांबत नाहीत, कोसळेपर्यंत धावतात.

सायकली, धावणारी मुलं, गाड्या यांच्यामागे लागण्याची सवय असेल, तर पहिला नियम असा की ती संधीच मिळता कामा नये. पाठलाग हे स्वतःच बक्षीस आहे. एकदा जमला की पुढच्या वेळी आणखी जोरात. दहा मीटरचा लांब पट्टा पाठीवर कडी असलेल्या हार्नेसला, म्हणजे छातीभोवती बसणाऱ्या पट्ट्यांना, लावा, गळ्याला कधीच नाही. हाताला गुंडाळू नका, हातमोजे घाला. सायकल दिसेल पण कुत्रा अजून खाऊ घेईल इतक्या लांब उभे राहा, मग ते साठ मीटर का असेना. त्याने सायकलकडे पाहिलं की लगेच 'येस', आणि खाऊ सायकलीच्या उलट दिशेला जमिनीवर फेका. काही दिवसांत सायकल दिसताच तो वळून तुमच्याकडे बघू लागेल. तेव्हा पाच मीटर पुढे सरका. एकदा जरी झेप घेतली तरी दहा मीटर मागे जा. घाई झाली की महिन्याची मेहनत एका दुपारी वाया जाते.

'ये' हा शब्द एकदाच उच्चारा. दहातल्या नऊ वेळा बोलावून, बक्षीस देऊन परत मोकळं सोडा. बोलावणं म्हणजे मजा संपली, हे त्याच्या डोक्यात बसता कामा नये. सहा ते अठरा महिन्यांच्या वयात सगळं विसरल्यासारखं वागेल. तेव्हा लांब पट्टा काढायचा नाही, रागवायचं नाही, धडे सोपे करायचे.

काटेरी किंवा विजेचे पट्टे या कुत्र्यांवर वापरू नका. चेकाळलेल्या कुत्र्याला वेदना झाली की तो वळून जवळ जे असेल त्याला धरतो, बहुधा तुमच्या मांडीला. 'तुम्ही कळपाचे म्होरके आहात हे दाखवा' ही कल्पनाही बंदिस्त लांडग्यांच्या जुन्या निरीक्षणांवर उभी आहे. जंगलातला कळप म्हणजे बहुतांशी आई-बाप आणि त्यांची पिल्लं, हे डेव्हिड मेक या अभ्यासकाने 1999 साली सविस्तर मांडलं.

खाण्यापाशी कोणी आलं की अंग लाकडासारखं ताठ होणं, माणसाला चावा, किंवा शांत कुत्र्याचं वागणं अचानक बदलणं, यांवर घरगुती प्रयोग करू नका. आधी पशुवैद्याकडून दुखणं तपासून घ्या, मग वर्तनतज्ज्ञ. तोवर जाळीचं मझल, म्हणजे चावता येऊ नये म्हणून तोंडावर बसवायची टोपली, लावायची सवय करा. तोंड उघडून धापता येईल आणि पाणी पिता येईल इतकं मोठं हवं. कापडी घट्ट पट्टी नको. पहिले चार दिवस मझल फक्त वाटीसारखं धरा, आत मऊ खाऊ लावा आणि नाक त्याचं त्यालाच घालू द्या. बक्कल पाचव्या दिवशी, तेही दोन सेकंदांसाठी.