सप्टेंबरात बुडत चाललेल्या दोन टीम्सच्या सिरीजचा प्रीव्ह्यू कसा लिहायचा

आधी वेळेचं बघून घ्या, कारण इंदूरात बसून अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलचं लिहिणाऱ्याची पहिली चूक तिथेच होते. बाल्टिमोरला शुक्रवारी संध्याकाळी ७:०५ची मॅच म्हणजे आपल्याकडे शनिवारी पहाटे ४:३५, आणि रविवारी दुपारी १:३५ची म्हणजे रविवारी रात्री ११:०५. मी एकदा नुसतंच 'शुक्रवार, सात वाजता' असं लिहून ग्रुपवर टाकलं आणि माझा भाचा बिचारा शुक्रवारी संध्याकाळी मोबाइल लावून बसला, मॅचला अजून साडेनऊ तास होते. तेव्हापासून मी पहिल्याच ओळीत आपली तारीख, आपला वार, आपली वेळ लिहितो.

आता मुख्य गोष्ट. एकाच डिव्हिजनमधल्या, म्हणजे लीगमधल्या पाच टीम्सच्या एकाच गटातल्या दोन टीम्स, दोन्ही जुलैपर्यंत बऱ्या होत्या आणि आता घसरतायत, अशा सिरीजवर लोक दोन ओळी लिहून सोडून देतात की 'आता काही अर्थ नाही'. मला हे अजिबात पटत नाही. होळकर स्टेडियमवर ज्यांनी रणजीची मॅच बघितलीय त्यांना माहितीये, टीमचा पुढे जायचा चान्स संपलेला असतो तरी एखादा नवा पोरगा पॅड बांधून आत जातो तेव्हा त्याच्यासाठी ती मॅच साधी नसते. तर प्रीव्ह्यू लिहिताना टेबल बघाच, पण खरा प्रश्न हा विचारा की या तीन दिवसांत कोणाकोणाचं काय पणाला लागलंय.

टेबलाचा हिशोब मी वहीत हातानेच करतो, त्याने डोक्यात बसतं. समजा १५० मॅचेस झाल्यात, पहिली टीम ७४-७६, दुसरी ७१-७९. दोघींमधलं अंतर काढायला विजयांतला फरक ३, पराभवांतला फरक ३, बेरीज ६, भागिले २, म्हणजे ३ मॅचेस. मग बघायचं की शर्यतीतून बाहेर पडायला किती उरलंय. सीझन १६२ मॅचेसचा असतो, म्हणून एक जास्त धरायचा. १६३मधून टेबलात वर असलेल्या टीमचे विजय वजा करा आणि आपल्या टीमचे पराभव वजा करा. आपण हरलो किंवा ती जिंकली की हा आकडा एकाने कमी होतो, शून्य झाला की आपण बाहेर. डिव्हिजनची लीडर ८६ जिंकून बसलीय तर पहिल्या टीमसाठी १६३-८६-७६, म्हणजे १, डिव्हिजन गेल्यातच जमा. पण २०२२पासून दोन्ही लीगमध्ये वाइल्ड कार्ड, म्हणजे डिव्हिजन न जिंकता प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) जायच्या जागा, तीन-तीन आहेत, आणि तिसऱ्या जागेवरच्या टीमचे ८१ विजय असतील तर तोच आकडा ६ येतो, दुसऱ्या टीमचा ३. म्हणजे दुसरी टीम तिन्ही मॅच हरली तर तिचा सीझन इथेच संपला, बाकी कोणी काही करो. हे वाक्य प्रीव्ह्यूत वर घ्या, वाचणाऱ्याला लगेच कळतं की पहाटे उठायचं कशासाठी.

आणखी एक. २०२३पासून डिव्हिजनमधल्या प्रत्येक टीमशी सीझनमध्ये १३ मॅचेस होतात, आधी १९ व्हायच्या. १३ हा विषम आकडा आहे, त्यामुळे सगळ्या मॅचेस झाल्या तर कोणीतरी एक पुढे राहणारच. सीझनअखेर टेबलात बरोबरी झाली तर आता वेगळी १६३वी मॅच खेळवत नाहीत, आपसातला रेकॉर्ड आधी बघतात. तर आधीच्या १० मॅचेस ५-५ आहेत का ६-४, हे शोधून लिहाच.

मग पिचर, म्हणजे बॉल टाकणारा. बुडत्या टीमच्या प्रीव्ह्यूत मी सगळ्यात जास्त वेळ इथे देतो. टीमने नाव जाहीर केलं नसेल तर प्रत्येक स्टार्टरने, म्हणजे मॅच सुरू करणाऱ्या पिचरने, शेवटची मॅच कधी टाकली ते बघा आणि मध्ये चार-पाच दिवस मोजा, बहुतेक वेळा नाव आपोआप निघतं. पण सप्टेंबरात हे चुकू शकतं, कारण चान्स गेला की तरुण पिचरच्या हाताला जपतात, त्याची मॅच पुढे ढकलतात, पाचाऐवजी सहा जणांना फिरवतात, कधी सीझनभरासाठी थांबवूनच टाकतात. म्हणून आतापर्यंत त्याच्या किती इनिंग्ज झाल्या आणि मागच्या वर्षी किती होत्या हे शेजारी शेजारी लिहा. बुलपेनसाठी, म्हणजे स्टार्टरनंतर येणाऱ्या बदली पिचर्ससाठी, मागच्या तीन दिवसांत कोणी किती बॉल टाकले एवढं बघा. टीमने जेवढे रन दिले त्याहून जास्त केलेत आणि तरी पराभव जास्त आहेत, तर एका-एका रनने हरलेल्या मॅचेस मोजा, बऱ्याचदा गळती सातव्या इनिंगनंतरच सापडते.

१ सप्टेंबरपासून रोस्टर, म्हणजे टीममधल्या खेळाडूंची यादी, २६वरून २८चं होतं. ती दोन नवी नावं कोण, खालच्या लीगमधून किती वर्षांनी वर आली, हे शोधा. पहिली मॅच खेळणारा मुलगा बॅटिंगला येतो तेव्हा कॅमेरा स्टँडमधल्या त्याच्या आईवडिलांवर जातो, आईचे दोन्ही हात तोंडावर असतात, बाप उभा राहतो, बसतो, परत उभा राहतो, मी पहाटे किचनमध्ये चहा गाळता गाळता हे बघितलंय आणि चहा तसाच गार झालाय. जुलैअखेरच्या सुमारास कोणाला दुसऱ्या टीमला देऊन टाकलं तेही बघा, त्याच जागेवर हा मुलगा खेळत असतो.

मैदान, हवा, वारा यावर एक ओळ पुरे.

'हरलेल्या टीमला काय पडलंय' असं कोणी म्हणालं तर २८ सप्टेंबर २०११ सांगा. बॉस्टन सप्टेंबरात ७-२० गेली होती, तरी शेवटच्या रात्री प्लेऑफच्या दारात होती. समोर बाल्टिमोर, त्याच डिव्हिजनमध्ये शेवटची, त्या सीझनमध्ये ९३ पराभव. नवव्या म्हणजे शेवटच्या इनिंगमध्ये दोन आऊट असताना (तिसरा गेला की मॅच संपते) बाल्टिमोरने उलटवलं, रॉबर्ट अँडिनोच्या हिटवर ४-३ जिंकली, आणि थोड्याच मिनिटांत तिकडे बॉस्टनच्या बरोबरीत असलेली टँपा बे ७-० मागे पडूनही न्यूयॉर्कच्या यँकीजला ८-७ हरवून आत गेली, बॉस्टन बाहेर. बाल्टिमोरला त्या विजयाने टेबलात काहीच मिळालं नव्हतं.

शेवटी अंदाज द्याच, २-१ म्हणा आणि कोणती मॅच कोण कशामुळे जिंकेल हे लिहा, गोलमोल नको. चुकला तर पुढच्या वेळी सांगायचं कुठे चुकला. आणि वाचणाऱ्यांना आवर्जून सांगा की पहाटेच्या दोन मॅचेस सुटल्या तरी चालेल, पण रविवारी सराफ्यातून, इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातून, वेळेत घरी या, ११:०५ला लागते ती तेरावी मॅच असते.