झेरॉक्स फिकी येतेय? ट्रान्सफर बेल्ट असा तपासा

झेरॉक्स फिकी आली किंवा मध्येच पांढरे डाग पडले की संशय जातो टोनरवर, आणि नवी कार्ट्रिज बसवली जाते. पण बरेचदा टोनर भरपूर असतो, तो ड्रमवरून कागदावर नीट उतरत नसतो. ज्या मशिनमध्ये ट्रान्सफर बेल्ट असतो, तिथे हे काम त्याचं. म्हणून पार्ट बदलण्याआधी टोनर नेमका कुठे अडतोय ते शोधा.

आधी बेल्टचं काम पाहू. ड्रमवर टोनरची प्रतिमा उमटते. बहुतेक मशिनांत या भुकटीवर ऋण विद्युतभार असतो. रजिस्ट्रेशन रोलर कागदाला क्षणभर थोपवतात आणि प्रतिमेचा वरचा काठ जुळेल अशा बेताने पुढे सोडतात. कागद ड्रम आणि बेल्टच्या मधून सरकतो. बेल्टच्या आतल्या रोलरला धन व्होल्टेज दिलेलं असतं. त्या ओढीने टोनर कागदावर येतो आणि कागदही बेल्टला चिकटून राहतो.

मग तो सुटतो कसा? या यंत्रणेतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच. बेल्ट शेवटी एका बारीक रोलरवरून एकदम खाली वळतो. कागदाला तेवढं वळण घेता येत नाही, ताठपणामुळे तो सरळ फ्युजरकडे, म्हणजे टोनर तापवून कागदावर पक्का करणाऱ्या भागाकडे निघतो. पातळ किंवा दमट कागद मात्र बेल्टबरोबर खाली जाऊ पाहतो आणि तिथेच अडकतो. परतीच्या वाटेवर एक ब्लेड बेल्टवरचा उरलेला टोनर खरवडून काढते.

(रंगीत मशिनांत बहुधा चार ड्रम आपापला रंग आधी बेल्टवरच उतरवतात, मग सगळं चित्र एकदम कागदावर जातं.)

आता तपासणी.

१. ट्रेमध्ये नव्या रिममधला कोरडा कागद घाला. दमट कागदात विद्युतभार टिकत नाही. कित्येकदा दोष इथेच संपतो.

२. गडद मजकुराची कॉपी सुरू करा आणि कागद ड्रमखालून जात असताना पुढचं दार उघडा. मशीन थांबलं की स्विच बंद करून प्लग काढा. फ्युजर १८० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला असतो, तिकडे हात नको.

३. कागद अलगद बाहेर घ्या, टोनर अजून पक्का झालेला नाही. ड्रमचा कागदाला भेटून पुढे गेलेला भाग पाहा, पण ड्रमला बोट लावू नका आणि तो फार वेळ उजेडात ठेवू नका. ड्रमवर अक्षरं ठळक उरली आणि कागदावर फिकी असतील, तर दोष ट्रान्सफरचा. ड्रमवरच फिकी असतील, तर त्याआधीचा. इथे कागद छान, पण बाहेर आलेल्या कॉपीवरची अक्षरं बोटाने पुसली जातात? मग फ्युजर बघा.

४. कॉपीची मागची बाजू काळी होत असेल, तर बेल्टची ब्लेड झिजलेली असू शकते. बेल्ट कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने हलकेच पुसा. मशिनच्या पुस्तिकेत सांगितलेलं नसेल तर स्पिरिट वापरू नका. घरगुती व्हॅक्यूम क्लीनरही नको, टोनरची बारीक भुकटी त्याच्या फिल्टरमधून आरपार जाते.

बेल्टच्या कडा फाटल्या असतील किंवा तो रोलरवर एका बाजूला सरकलेला दिसला, तर युनिट बदलावं लागेल. नवं बसवल्यावर लीव्हर पूर्ण बसला का ते पाहा आणि मशिनमध्ये सोय असेल तर काउंटर रीसेट करा, नाहीतर बेल्ट संपल्याचा संदेश तसाच दिसत राहील.