बेस गिटार पुन्हा बदलावीशी वाटते तेव्हा

नवी बेस गिटार घरी आली की पहिले दोन-तीन आठवडे सगळेच मनासारखे घडते. बोटे हलकी पडतात, सूर भरदार लागतो आणि सरावाला बसण्याची ओढ लागते. पुढे तोच सूर सपाट वाटू लागतो आणि नजर दुसऱ्या वाद्याकडे वळते. या फेऱ्यातून मी अनेक वर्षे गेलो आहे. ज्या गिटारी मी देऊन टाकल्या, त्यांतल्या दोन आज जवळ असत्या तर पुढचा शोध करावाच लागला नसता, अशी माझी खात्री आहे. एकीच्या तारा जुन्या होऊन मंदावल्या होत्या आणि दुसरीचा नेक, म्हणजे तारा दाबायची लांब लाकडी दांडी, ऋतू बदलल्यावर थोडा वाकला होता. दोन्ही गोष्टी घरच्या घरी अर्ध्या दिवसात सुधारण्यासारख्या होत्या.

गिटार बदलण्याचा विचार मनात आला की प्रथम आपली तक्रार एका वाक्यात लिहून काढावी. ‘आवाज आवडत नाही’ एवढे लिहून भागत नाही. ‘बँडसोबत वाजवताना सर्वांत जाड तारेवरचे सूर एकमेकांत मिसळतात’, ‘अर्ध्या तासाने डावे मनगट दुखते’, ‘जी (G) तार सहाव्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूपट्टीवर) लवकर विझते’ अशी नेमकी तक्रार हवी, कारण या तिन्हींची कारणे वेगळी आहेत आणि उपायही वेगळे आहेत. नेमके वाक्य सुचतच नसेल, तर बहुधा आपल्याला केवळ नवेपणाची भूक लागलेली असते, आणि ती भागवण्यासाठी नवे गाणे बसवणे पुरेसे ठरते.

त्यानंतर तारा बदलाव्यात. राउंडवाउंड, म्हणजे गोल तारेचे वेटोळे असलेल्या, तारांची चमक काही आठवड्यांच्या नियमित वादनानंतर उतरते, कारण घाम आणि मळ वेटोळ्यांच्या खाचांत बसतो. फ्लॅटवाउंड, म्हणजे चपट्या पट्टीचे वेटोळे असलेल्या, तारा मुळातच मऊ, गोलसर बोलतात, त्यांवर बोटांची घासट ऐकू येत नाही आणि त्या वर्षानुवर्षे टिकतात. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमरसन फेंडर कंपनीच्या १९६२ च्या प्रिसिजन बेसवर जाड फ्लॅटवाउंड तारा लावून वाजवत असे आणि त्या सहसा बदलत नसे. त्याचा तो गडद, ठाम सूर घडण्यात त्या तारांचा मोठा वाटा होता. तारांचा प्रकार बदलला की एकच गिटार दोन वेगळ्या वाद्यांसारखी बोलते, हे ज्याने करून पाहिलेले नाही त्याने गिटार विकण्याची घाई करू नये. मात्र तारांचा ताण बदलतो तसा नेकही हलतो, त्यामुळे तारा बदलल्यावर सेटअप, म्हणजे नेक आणि तारांची जुळणी, तपासावाच लागतो.

सेटअपची सुरुवात नेकपासून करावी. तारा नेहमीच्या स्वरात लावून एक तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक जिथे बॉडीला जोडला जातो तिथल्या फ्रेटवर एकाच वेळी दाबावी, आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली किती फट राहते ते पाहावे. साधारण ०.३ मिलिमीटर, म्हणजे व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी फट बहुतेकांना मानवते. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, त्याचा बाक ठरवणारी धातूची सळई) कसावा, अजिबात नसेल तर सैल करावा. पण एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये आणि पुन्हा स्वर लावून मगच मोजावे. रॉड सहज फिरत नसेल तर जोर न लावता ते काम कारागिराकडे सोपवावे. यानंतर ब्रिजवरील (बॉडीवर तारा जिथे अडकवतात त्या पट्टीवरील) सॅडलने, म्हणजे तार टेकते त्या तुकड्याने, तारांची उंची ठरवावी: बाराव्या फ्रेटवर २ ते २.५ मिलिमीटर हा चांगला आरंभबिंदू आहे. शेवटी बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला बोट नुसते टेकवून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबून वाजवलेला स्वर ट्यूनरवर जुळवावेत. दाबलेला स्वर चढा येत असेल तर सॅडल मागे सरकवावे. पिकअप (तारेचे कंपन टिपणारा चुंबकीय भाग) तारांच्या फार जवळ असेल तर त्याचे चुंबक तारेला ओढते आणि स्वर डळमळतो, म्हणून त्याची उंचीही पाहून घ्यावी. मनगट दुखण्याच्या कित्येक तक्रारी उंच तारांमुळे असतात आणि इथेच मिटतात.

आवाजाबद्दलची तक्रार मात्र कानाकडे आणि उजव्या हाताकडे नेते. नेकजवळ तार छेडली तर सूर गोल आणि जाड येतो, ब्रिजजवळ छेडली तर आवळलेला आणि तीक्ष्ण येतो. हा फरक टोन नॉबने मिळणाऱ्या फरकाहून अनेकदा मोठा असतो. शिवाय एकट्याने खोलीत बसून भव्य वाटणारा सूर ड्रम्स आणि गिटार सुरू झाल्यावर हरवतो. न दाबता वाजवलेल्या ई (E) तारेची, म्हणजे सर्वांत जाड तारेची, मूळ कंपनसंख्या ४१ हर्ट्झच्या आसपास असते, ती लहान स्पीकर नीट देऊच शकत नाहीत, आणि कान वरच्या हार्मोनिक्सवरून, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या चढ्या स्वरांवरून, स्वर ओळखतो. त्यामुळे बँडमध्ये बेस ऐकू येत नसेल तर आवाजातला खालच्या स्वरांचा भाग वाढवण्याऐवजी तो थोडा कमी करून मधल्या स्वरांचा भाग उचलून पाहावा.

एवढे करूनही तक्रार उरली, तर गिटार बदलणे योग्य आहे, आणि तेव्हा मापांकडे पाहावे. कागदावर क्षुल्लक वाटणारा फरक हाताला मोठा लागतो. ३४ इंचांच्या नेहमीच्या स्केलवर (स्केल म्हणजे तारेची कंप पावणारी लांबी) पहिल्या फ्रेटपासून चौथ्या फ्रेटपर्यंतचे अंतर सुमारे १३० मिलिमीटर असते, तर ३० इंचांच्या शॉर्ट स्केलवर ते ११४ मिलिमीटरच्या आसपास येते. ज्याचा हात लहान आहे, त्याच्यासाठी हे १६ मिलिमीटर म्हणजे ताणून धरलेला पंजा आणि सैल पंजा यांतला फरक आहे. शॉर्ट स्केलवर तारांचा ताण कमी पडतो आणि सूर अधिक मऊ होतो, हे तेवढे आधीच मान्य करावे लागते. नटची, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीची, रुंदीही अशीच बोलकी आहे. १९६० साली आलेल्या फेंडरच्याच जॅझ बेसचा नेक नटपाशी ३८ मिलिमीटर असतो, आणि १९५१ साली बाजारात आलेल्या प्रिसिजनचे नेक बहुधा त्याहून रुंद असतात. नेकमुळे त्रास होत असेल तर पिकअप बदलून काहीही साधत नाही. पाचव्या तारेची, म्हणजे नेहमीच्या चारऐवजी पाच तारांच्या गिटारीची, ओढ वाटत असेल, तर आपल्या गाण्यांत ई च्या खालचे स्वर किती वेळा लागतात ते आधी मोजावे. एखाद-दोन गाण्यांपुरती ई तार डी पर्यंत उतरवून काम भागते.

वजनाचा अनुभव बसून घेता येत नाही. पट्टा लावून उभे राहावे, दोन्ही हात सोडावेत आणि हेडस्टॉक (नेकचे खुंट्यांचे टोक) खाली झुकतो का ते पाहावे. झुकत असेल तर डावा हात सतत नेक सावरण्यात गुंततो, आणि चार किलोंची गिटार पाच किलोंची वाटते.

नवी गिटार पाहताना अर्धा तास तरी उभ्याने, आपण खरोखर वाजवतो तेच हळू लयीत वाजवावे आणि प्रत्येक तारेवरचा प्रत्येक फ्रेट ऐकावा. जी (G) तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा स्वर इतरांपेक्षा लवकर विझतो का, याकडे विशेष लक्ष द्यावे. नेकचे स्वतःचे कंपन तिथे तारेची ऊर्जा शोषून घेते. नव्या तारांनी हा दोष जात नाही. हेडस्टॉकला थोडे वजन लावल्यास तो जागा बदलतो, पण नाहीसा क्वचितच होतो. दोन गिटारींची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी करून घेणे अत्यावश्यक आहे, कारण जास्त मोठा आवाज कानाला आपोआप चांगला वाटतो, आणि बॅटरीवर चालणाऱ्या ॲक्टिव्ह प्रीॲम्पची (आवाज वाढवणारे सर्किट आतच असलेली) गिटार अनेकदा केवळ मोठी वाजते म्हणून पसंत पडते.

नवी घेतलीच, तर जुनी लगेच विकू नये. दोन्हींना एकाच प्रकारच्या ताज्या तारा लावाव्यात, एकच ओळ दोन्हींवर थेट रेकॉर्ड करावी, आणि आठवड्याने मित्राला त्या फायली नावे न सांगता ऐकवायला सांगाव्यात. मी हे पहिल्यांदा केले तेव्हा पाचपैकी तीन वेळा मी जुन्याच गिटारीकडे बोट दाखवले होते. विक्रीचा निर्णय नव्या गिटारीवर निदान तीन-चार पूर्ण कार्यक्रम वाजवून झाल्यानंतर घ्यावा, आणि विकण्याआधी जुन्या गिटारीच्या नेकची फट, तारांची उंची आणि तारांचा प्रकार वहीत टिपून ठेवावा, कारण पुढच्या गिटारीचा सेटअप करताना हीच मापे सर्वांत जास्त उपयोगी पडतात.