मुलाच्या सुरक्षिततेसाठी भेटींवर निर्बंध मागताना
संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारातील कलम 9 नुसार विभक्त पालकांच्या मुलाला दोघांशीही नियमित संपर्क ठेवण्याचा हक्क आहे. अपवाद फक्त त्याच्या हिताला बाधा येत असल्यास. म्हणून विभक्त जोडीदाराच्या मुलाशी होणाऱ्या भेटींवर निर्बंध मागणाऱ्या न्यायालयीन अर्जात त्याच्या दोषांचा पाढा न वाचता, मुलाला नेमका कोणता धोका आहे, हे तारीखवार नोंदी व वैद्यकीय कागदपत्रे जोडून मांडावे. भेटी पूर्ण बंद करण्याआधी न्यायालय सहसा देखरेखीखालील भेटींचा विचार करते. त्यामुळे देखरेख कोण करणार, मुलाला कोण आणून सोडणार, फोनवर बोलणे चालेल का, हे स्वतःच सुचवावे. मुलाला मात्र पढवू नये, कारण त्याने खरी तक्रारही संशयास्पद ठरते. आधीचा भेटीचा आदेश असेल, तर तो परस्पर मोडण्याऐवजी तातडीने अंतरिम (अंतिम निकालापर्यंतचा तात्पुरता) आदेश मागावा; धोका त्या क्षणाचा असल्यास आधी पोलिसांना कळवावे.