एकाच जहाजावर लागोपाठ दोन क्रूझ : बुकिंगपासून मधल्या दिवसापर्यंत

पहिली सफर संपली की उतरायचं नाही, त्याच जहाजावर पुढच्या सफरीला निघायचं, याला क्रूझच्या भाषेत ‘बॅक-टू-बॅक’ म्हणतात. विमानाचा खर्च एकदाच येतो, सामान एकदाच लावायचं, आणि दुसऱ्या आठवड्यात जहाजाचा कोपरान् कोपरा ओळखीचा झालेला असतो. मात्र एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की ध्यानात ठेवा. जहाज तेच, केबिन तीच, केबिनची साफसफाई पाहणारा स्टुअर्डही तोच असला, तरी कागदोपत्री मधल्या सकाळी तुमचा प्रवास संपतो आणि दुपारी नवा प्रवासी म्हणून तुमची नोंद होते. बुकिंग नंबर दोन, जहाजावरच्या खर्चाची खाती दोन, केबिन उघडणारी कार्डं दोन. बहुतेक घोटाळे हे विसरल्यामुळेच होतात.

आधी सफरींची जोडी नीट जुळवा

जहाजाचं वेळापत्रक उघडा आणि लागोपाठच्या तीन-चार सफरींची बंदरं शेजारीशेजारी लिहून काढा. फ्लोरिडाहून सुटणारी अनेक जहाजं एका आठवड्यात पूर्व कॅरिबियन आणि पुढच्या आठवड्यात पश्चिम कॅरिबियन करतात. अशी जोडी उत्तम, कारण बंदरं फारशी परत येत नाहीत.

भूमध्य समुद्रातल्या सात रात्रींच्या फेऱ्यांमध्ये मात्र पुष्कळदा तीच बंदरं त्याच क्रमाने येतात. म्हणून अशी जोडी बाद करण्याचं कारण नाही, फक्त दोन्ही आठवड्यांचे बेत वेगळे हवेत. इटलीतल्या चिविताव्हेक्या बंदरातून पहिल्या खेपेला रोम करा. दुसऱ्या खेपेला जवळच्याच तार्क्विनियाला जाऊन रोमनांच्या आधीच्या एत्रुस्कन लोकांची, आत चित्रं रंगवलेली थडगी पाहा. नेपल्सला एकदा पॉम्पेई, पुढच्या वेळी तिथून निघालेल्या वस्तू जिथे ठेवल्या आहेत ते नेपल्सचं पुरातत्त्व संग्रहालय. या क्रमाने पाहिलं तर संग्रहालय खऱ्या अर्थाने कळतं. एका आठवड्याच्या प्रवाशाला हे सुख मिळत नाही.

अमेरिकी बंदरं असतील तर १८८६चा प्रवासी जहाज कायदा आडवा येऊ शकतो. परदेशी झेंड्याखालचं जहाज (आणि बहुतेक सगळी मोठी क्रूझ जहाजं परदेशी झेंड्याखालीच चालतात) एका अमेरिकी बंदरात चढलेल्या प्रवाशाला दुसऱ्या अमेरिकी बंदरात कायमचं उतरवू शकत नाही, मध्ये एखादं ‘दूरचं’ परदेशी बंदर लागलं असेल तरच चालतं. कॅनडा, मेक्सिको, बहामा आणि कॅरिबियनची बहुतेक बेटं या कायद्याच्या लेखी ‘जवळची’ आहेत. दक्षिण अमेरिका आणि अरुबा, बोनेअर, क्युरासाओ ही तीन बेटं ‘दूरची’.

हे बॅक-टू-बॅकवाल्यांना कसं नडतं ते पाहा. लॉस एंजेलिस ते व्हँकुव्हर ही सफर कायदेशीर. व्हँकुव्हर ते अलास्कातलं व्हिटियर हीसुद्धा कायदेशीर. पण त्याच जहाजावर दोन्ही लागोपाठ केल्या की कायद्याच्या नजरेत तुम्ही लॉस एंजेलिसला चढलात आणि व्हिटियरला उतरलात, आणि मधलं कॅनडातलं व्हँकुव्हर तर ‘जवळचं’. झालं, जोडी बेकायदा. दोन बुकिंग वेगवेगळी असल्याने ती आधी सहज होऊनही जातात आणि अडचण नंतर लक्षात येते. म्हणून पैसे भरण्यापूर्वीच कंपनीकडून लेखी होकार घ्या. ज्या बंदरातून चढलात तिथेच शेवटी उतरणार असाल, तर मध्ये जवळचं परदेशी बंदर पुरतं. दुसरा टप्पा वेगळ्या जहाजावर केला तर हा प्रश्नच येत नाही.

व्हिसा दोन्ही सफरी एकत्र धरून तपासा. शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपातल्या देशांत, कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंतच राहता येतं, पण क्रूझवाल्यांची अडचण वेगळीच असते, ती म्हणजे किती वेळा आत शिरायची परवानगी आहे. ग्रीसहून निघालेलं जहाज तुर्कस्तानातल्या कुशादासीला जाऊन परत ग्रीसला आलं की शेंगेनमध्ये तुमचा दुसरा प्रवेश झाला. त्यामुळे मल्टिपल एंट्री व्हिसाच हवा. सिॲटलहून निघणाऱ्या अलास्का सफरी कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात, तेव्हा कॅनडाची कागदपत्रंही पाहा.

बुकिंग : दोन्ही एकाच वेळी, एकाच केबिनचं

१. दोन्ही सफरींचा केबिन आराखडा उघडून दोन्हीकडे रिकामी असलेली केबिन शोधा आणि एकाच बैठकीत दोन्ही बुकिंग करा. ‘दुसरी नंतर बघू’ म्हटलं की तेवढीच केबिन गेलेली असते.

२. दोन्ही बुकिंग नंबर एकमेकांना जोडायला सांगा. दोन्हींवर ‘अपग्रेड नको’ अशी नोंद करून घ्या. नाहीतर कंपनी मेहेरबानी म्हणून एका सफरीत वरच्या वर्गाची केबिन देते आणि तुम्हाला मधल्या दिवशी बिऱ्हाड हलवावं लागतं. अपग्रेडसाठी बोली लावायच्या ईमेल येतात, त्यांनाही हाच नियम लावा.

३. ‘गॅरंटी’ केबिन, म्हणजे वर्ग ठरलेला पण क्रमांक कंपनी नंतर देणार, ती स्वस्त पडते. दोन्ही सफरींत तीच केबिन मिळायची शक्यता मात्र फार कमी. एक-दोन सामानाचे सुटसुटीत प्रवासी असाल तर खुशाल घ्या. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर नका घेऊ.

४. पूर्ण पैसे भरण्याची मुदत आणि रद्द केल्यास कापल्या जाणाऱ्या रकमेच्या तारखा दोन्ही बुकिंगच्या वेगळ्या असतात. कॅलेंडरवर चारही तारखा लिहा. कंपनी त्याच दोन फेऱ्या जोडून चौदा रात्रींची एक सफर म्हणूनही विकत असेल तर तिचाही भाव काढा. कधी ती स्वस्त पडते, कधी दोन सुट्या.

५. आहाराची पथ्यं, श्वासयंत्रासाठी डिस्टिल्ड वॉटर, व्हीलचेअरची मदत, जेवणाची वेळ, टेबल : प्रत्येक विनंती दोन्ही बुकिंगवर वेगवेगळी नोंदवा. पहिल्या बुकिंगवरची विनंती दुसऱ्यावर आपोआप जात नाही. डिस्टिल्ड वॉटर आठव्या दिवशी संपतं आणि पुढचं मागवलेलंच नसतं, असं होऊ देऊ नका.

६. प्रवास विमा घरून निघाल्यापासून परत येईपर्यंतच्या सगळ्या दिवसांचा, एकच. वार्षिक पॉलिसी असेल तर एका प्रवासाला कमाल किती दिवस चालतात ते वाचा. जहाजावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च त्यात धरला आहे का, हेही पाहा.

सामान

चौदा दिवसांचे कपडे भरू नका. आठ दिवसांचे पुरतात, बाकी काम धुलाईवर सोडा. काही जहाजांवर प्रवाशांसाठी वॉशिंग मशीन असतात, बाकीच्यांवर कपडे पिशवीत भरून द्यायचे. इस्त्री आणि स्टीमर आगीच्या धोक्यामुळे केबिनमध्ये चालत नाहीत, चढतानाच काढून घेतात. औषधं मात्र पूर्ण दिवसांची आणि वर आणखी एक आठवड्याची, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत. जहाजाच्या दवाखान्यात नेमकं तुमचं औषध असेलच असं नाही.

पहिल्या सफरीचे शेवटचे दोन दिवस

धुवायचे कपडे शेवटच्या रात्रीच्या निदान दोन दिवस आधी द्या. मधल्या दिवशी लाँड्रीवर चादरी-टॉवेलांचा डोंगर असतो.

खात्यावर कंपनीने दिलेली खर्चाची रक्कम, म्हणजे ऑनबोर्ड क्रेडिट, असेल तर ती रोख परत मिळणारी आहे का ते रिसेप्शनवर विचारा. न मिळणारी रक्कम पहिल्या सफरीच्या शेवटच्या रात्री संपते, पुढच्या सफरीत जात नाही. ती आधीच वापरून टाका. दुसऱ्या सफरीतल्या वेगळ्या, म्हणजे जादा पैसे देऊन जेवायच्या, रेस्टॉरंटचे पैसे तिच्यातून भरता येतील का, हेही विचारून बघा.

क्रेडिट कार्ड दुसऱ्या खात्याला पुन्हा जोडावं लागतं. डेबिट कार्ड वापरणाऱ्यांनी इथे विशेष सांभाळावं. पहिल्या खात्यापोटी बँकेने अडवून ठेवलेली रक्कम मोकळी व्हायला काही दिवस लागू शकतात आणि तेवढ्यात दुसऱ्या खात्यापोटी नवी रक्कम अडवली जाते. खात्यात पैसे असूनही हातात पैसे नाहीत अशी वेळ येते. क्रेडिट कार्डच बरं.

दुसऱ्या सफरीचं ऑनलाइन चेक-इन घरून निघण्यापूर्वीच उरकलेलं असावं. जहाजाच्या इंटरनेटवर पासपोर्टचे फोटो चढवत बसणं म्हणजे कटकट.

आणि स्टुअर्डला स्वतःच्या तोंडाने सांगा : आम्ही पुढच्या सफरीलाही याच केबिनमध्ये आहोत. त्याच्या यादीत ते असतंच, तरी सांगा. त्या सकाळी त्याला काही तासांत अनेक केबिन पूर्ण रिकाम्या करून लावायच्या असतात.

मधला दिवस, तासातासाने

आदल्या संध्याकाळी केबिनमध्ये पत्र येतं. किती वाजता, कोणत्या हॉलमध्ये जमायचं ते त्यात असतं. सोबत ‘इन-ट्रान्झिट’ कार्ड, म्हणजे तुम्ही याच जहाजावर पुढे जाणार असल्याची खूण, असतं किंवा ते सकाळी हातात देतात. संध्याकाळी सातपर्यंत पत्र आलं नाही तर रिसेप्शन गाठा. बहुधा तुमची दोन बुकिंग जोडलेली नसतात.

सकाळी सात ते नऊ : न्याहारी लवकर उरका. शेवटच्या दिवशी रेस्टॉरंट लवकर बंद होतात. पासपोर्ट लॉकरमधून काढून खिशात ठेवा, कारण केबिनचा दरवाजा जुन्या कार्डाने कधी उघडेनासा होईल याचा नेम नसतो.

नऊ ते साडेदहा : इथे दोन रस्ते. शहर पाहायचं असेल तर इतरांबरोबर उतरा, इमिग्रेशन करा आणि फिरायला जा. परतताना इन-ट्रान्झिट कार्ड दाखवलं की चेक-इनची रांग टळते, सुरक्षा तपासणी टळत नाही. फिरायचं नसेल तर हॉलमध्ये थांबा. अमेरिकी बंदरांत जहाजावरचा शेवटचा प्रवासी उतरून आकडा शून्यावर आल्याशिवाय नव्यांना चढवत नाहीत. म्हणून थांबणाऱ्यांनाही गटाने धक्क्यावर नेतात, अधिकारी पासपोर्ट पाहतात आणि मग लगेच परत आणतात. एखादा प्रवासी झोपून राहिला किंवा बिल न भरता गायब झाला की सगळा गट त्याच्यासाठी ताटकळतो. हे होतंच, पुस्तक आणि पाण्याची बाटली जवळ ठेवा. फळं किंवा उरलेलं खाणं घेऊन उतरू नका. शेतमालाचे नियम कडक असतात आणि एका सफरचंदावरून दंड होऊ शकतो. खरेदी केलेल्या वस्तू कस्टम्सला सांगायच्या.

जहाजावरच्या दुकानातून घेतलेली दारूची बाटली पहिल्या सफरीच्या शेवटी तुमच्या हाती देतात. ती दुसऱ्या सफरीच्या शेवटापर्यंत जहाजाकडेच ठेवता येईल का, हे आदल्या दिवशी दुकानात विचारा.

परत चढल्यावर, नवे प्रवासी येण्यापूर्वी, जहाज जवळजवळ रिकामं असतं. पोहण्याच्या तलावात कोणी नाही, डेकवर फक्त धुण्याच्या पाइपांचा आवाज. फोटो काढायचे असतील तर हीच वेळ.

भूमध्य समुद्रात काही कंपन्या प्रत्येक बंदरात प्रवासी चढवतात-उतरवतात. अशा जहाजावर सगळ्यांचा मिळून एक मधला दिवस नसतोच, बाकीच्यांसाठी तो साधा बंदराचा दिवस असतो. तिथे जमायची जागा नसते. आपणच रिसेप्शनवर जाऊन नवी कार्डं घ्यायची.

केबिन बदलावी लागलीच तर

टांगलेले कपडे घडी घालू नका. ते हँगरसकट स्टुअर्ड ट्रॉलीवर नेतात. फक्त खणांतले कपडे आणि बाथरूममधलं सामान बॅगेत भरा आणि प्रत्येक बॅगेवर नव्या केबिनचा क्रमांक लावा. दागिने, कागदपत्रं, औषधं स्वतःजवळ ठेवा, लॉकर उघडा टाका. पलंगाखाली, बाल्कनीत आणि चार्जिंगच्या सॉकेटमध्ये एकदा बघाच. नवी केबिन दुपारी एक-दोनपर्यंत तयार होत नाही, तोवर लागणारं एका छोट्या पिशवीत घ्या.

दुसरी सफर

सुरक्षा सराव, म्हणजे संकटात कुठे जमायचं याची तालीम, पुन्हा करायचा. जानेवारी २०१२मध्ये कोस्टा कॉन्कॉर्डिया जहाज इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळलं, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशांचा सराव झालेलाच नव्हता. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलले आणि १ जानेवारी २०१५ पासून नव्या प्रवाशांचा सराव जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणं बंधनकारक झालं. कागदोपत्री तुम्हीही नवेच. शिवाय केबिन बदलली असेल तर जमायचं ठिकाणही बदललेलं असू शकतं, म्हणून मन लावून करा.

पेयांचं आणि इंटरनेटचं पॅकेज मधल्या सकाळी बंद होतं. दुसरं चालू झालं की नाही ते पहिल्या ऑर्डरआधी विचारा, नाहीतर प्रत्येक गोष्टीचे वेगळे पैसे लागतात. टिपही नव्याने सुरू होते.

मुख्य रेस्टॉरंटमधले पदार्थ बहुतेक सात दिवसांनी फिरून तेच येतात. पहिल्याच रात्री मुख्य वेटरला सांगा की तुम्ही चौदा दिवस आहात, उद्याचा मेनू आदल्या रात्री दाखवा. स्वयंपाकघराला आधी कळलं तर पुष्कळदा वेगळं काही करून देतात. वेगळ्या रेस्टॉरंटचं जेवण दुसऱ्या आठवड्यासाठी राखून ठेवा. मोठे नाच-गाण्याचे कार्यक्रमही तेच असतात, म्हणून पहिल्या आठवड्यात निम्मे पाहा, निम्मे पुढे ठेवा. पाहुणे कलाकार मात्र बरेचदा मधल्या दिवशी बदलतात.

पहिल्या सफरीच्या रात्री धरून कंपनीच्या नेहमीच्या प्रवाशांच्या योजनेत तुमची सदस्य पातळी वाढत असेल, तर दुसऱ्या सफरीच्या पहिल्याच दिवशी त्या योजनेच्या लॉयल्टी डेस्कवर जा. नोंद आपोआप वर चढायला वेळ लागतो, आणि वरच्या पातळीची मोफत धुलाई किंवा इंटरनेट मिळणार असेल तर ते त्याच आठवड्यात कामाचं.