वजाबाकीला घाबरणाऱ्या मुलासाठी टॅपिंग आणि स्वयंसूचना

सांगलीच्या गावभागात मी शिकवणी घेते. माझ्याकडे येणाऱ्या पाचवीतल्या एका मुलीची ५०३ वजा १६७ या उदाहरणाशी येऊन पेन्सिल थांबत असे आणि दशकाच्या घरातले शून्य खोडून खोडून वहीच्या कागदाला भोक पडत असे. हातचा कसा घ्यायचा हे तिला तोंडी सांगता येत होते. वही उघडली की मात्र घाबरून ती सगळे विसरत असे. धास्तीचे विचार मनातल्या आकडेमोडीची जागा अडवतात, म्हणून अशा मुलाला आणखी दहा उदाहरणे घालण्यापूर्वी त्याची भीती थोडी उतरवावी लागते, आणि टॅपिंगचा, म्हणजे अंगावरच्या ठरावीक बिंदूंवर बोटांनी थापटत भीती बोलून दाखवण्याचा, उपयोग मी तेवढ्यासाठीच करते.

ही पद्धत अमेरिकेतील गॅरी क्रेग यांनी १९९० च्या दशकात, मानसशास्त्रज्ञ रॉजर कॅलाहन यांच्या कामाच्या आधारे मांडली. तिने चिंता कमी होते असे काही अभ्यासांत आढळले असले, तरी तो परिणाम त्या ठरावीक बिंदूंमुळेच होतो हे सिद्ध झालेले नाही. थांबणे आणि भीती बोलून दाखवणे यांचाही त्यात वाटा असू शकतो.

आधी मुलाला अडणारे नेमके उदाहरण समोर ठेवून, ० ते १० मध्ये भीती किती वाटते ते विचारावे. मग दुसऱ्या हाताच्या बोटांनी तळहाताच्या करंगळीकडील कडेवर हलकेच थापट्या मारत त्याने स्वयंसूचनेचे, म्हणजे स्वतःलाच सांगायचे, एक वाक्य तीन वेळा म्हणावे. या वाक्यावर सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण पालक हौसेने ‘मी गणितात हुशार आहे’ असे म्हणायला लावतात आणि ते खरे नाही हे मुलाला पक्के ठाऊक असते. वाक्यात अडचण आधी कबूल केलेली असावी आणि शब्द मुलाचेच असावेत. त्या मुलीने स्वतः जुळवलेले वाक्य असे होते: ‘शून्याकडून हातचा घेताना माझ्या पोटात गोळा येतो, तरी मी चांगली मुलगी आहे.’

त्यानंतर भुवईचे नाकाजवळचे टोक, डोळ्याच्या बाहेरच्या कडेचे हाड, डोळ्याखालचे हाड, नाकाखाली, ओठाखालचा खळगा, गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या खाली, काखेखाली चार बोटे आणि शेवटी टाळू, या क्रमाने प्रत्येक ठिकाणी पाच ते सात वेळा थापटावे. पहिल्या फेरीत ‘हा पोटातला गोळा’ एवढेच म्हणावे, आणि भीतीचा आकडा उतरल्यावरच्या फेरीत ‘मी एक घर सोडवून बघते’ असे म्हणावे. मुलाला स्पर्श नको असेल, तर आपण आपल्या अंगावर करून दाखवावे.

आकडा तीन-चारवर आला की लगेच पुस्तक उघडावे, नाहीतर सगळी मेहनत वाया जाते. सुरुवात ५३ वजा १७ सारख्या सोप्या उदाहरणाने करावी आणि शून्याची पायरी काड्यांच्या जुड्या सोडून दाखवावी, कारण हातचा शिकवण्याचे काम टॅपिंग करत नाही. महिनोन्‌महिने सराव करूनही लहान संख्यांची तुलना किंवा साधी बेरीज जमत नसेल, तर डिस्कॅल्क्युलियाची, म्हणजे आकडे आणि गणित समजण्यातील अध्ययन अक्षमतेची, तपासणी जरूर करून घ्यावी. अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या विद्यार्थ्यांना दहावीच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात.

परीक्षेच्या वर्गात चेहऱ्यावर थापटायला मुले लाजतात. तिथे बाकाखाली हाताची कड दोन बोटांनी थापटत वाक्य मनातल्या मनात म्हणावे, एक सावकाश श्वास सोडावा आणि एककाच्या घरापासून उदाहरण सुरू करावे.